मोज्याची उलटी बाजू

नातीच्या बारशाला अख्खा बाळंतविडा मी क्रोशाने विणला होता. झबलं, टोपडं, मोजे. सगळं गुलाबी, शिंपल्याच्या नक्षीचं. आलेल्या बायकांनी ते हातात घेऊन घेऊन पाहिलं आणि मी सुखावले.

संध्याकाळी पोर रडायला लागली ती थांबेचना. पोटाला हिंग लावून झाला, दृष्ट काढून झाली. शेवटी लेकीने अंगावरचं एकेक उतरवलं, तेव्हा कळलं. मोज्यातल्या सुट्या दोऱ्याचा फास पायाच्या करंगळीला बसला होता. बोट जांभळट झालेलं. दोरा निघाला, डॉक्टरांनीही बोट ठीक असल्याचं सांगितलं. पण माझे हातपाय गळाले होते. पोरीच्या पाठीवर घामोळंही उठलं होतं. अकोल्याचा मे महिना आणि मी अ‍ॅक्रिलिकची लोकर वापरलेली!

रात्री तो मोजा उलटा करून पाहिला. आत गाठी, कापलेल्या दोऱ्यांच्या शेपट्या, जाळीची भोकं. आपण सुलट बाजू मिरवतो. बाळाच्या वाट्याला उलटी येते.

तेव्हापासून मी बाळासाठी विणते ते असं:

दोरा मऊ सुती घ्यावा. लोकर थंडीपुरती, तीही आधी स्वतःच्या गळ्याला घासून पाहावी. मोज्यांना जाळीची नक्षी नकोच. मुक्या खांबांची घट्ट वीण बरी, म्हणजे बोटं अडकत नाहीत. दोरा संपला की गाठ मारून कापू नये. वीतभर शेपूट ठेवून ती सुईने टाक्यांतून जाऊन-येऊन तीनदा ओवावी, मगच कापावी.

टोपड्याचं माप डोळ्यांनी ठरवू नये. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३६ सेंटीमीटर असतो. सुरुवातीला ६ मुके खांब आणि पुढे दर फेरीला ६ वाढवत गोल चकती करावी. ती सुमारे ११ सेंटीमीटर रुंद झाली की वाढवणं थांबवून सरळ विणत खाली यावं. झोपवताना टोपडं काढून ठेवावं. ते तोंडावर सरकू शकतं, शिवाय बाळाच्या अंगातली बरीच उष्णता डोक्यावाटेच बाहेर पडते, ती टोपड्याने अडते.

झबलं पुढून उघडं, एकावर एक पदर येणारं करावं. मान न धरणाऱ्या बाळाच्या डोक्यावरून अरुंद गळा ओढायची वेळ येऊ नये. गळ्याशी नाडी किंवा रिबीन नको. मोती आणि बटणंही नकोत, ती सुटून तोंडात जातात. मापात थोडी ढील ठेवावी, नाहीतर महिन्याभरात झबलं पेटीत जातं. पहिल्यांदा घालण्याआधी ते धुऊन वाळवावं.

आणि बाळ उगाच रडतंय असं वाटलं, तर दृष्टीच्या मीठ-मोहऱ्या शोधण्याआधी मोजे काढून बोटं बघावीत. केसही असाच गुंडाळला जातो. फास निघत नसेल तर घरी खटपट न करता तडक डॉक्टरांकडे जावं.

परवा शेजारच्या सुनेसाठी मोजे विणले. देण्याआधी दोन्ही उलटे केले, आतून बोट फिरवलं. एका ठिकाणी काहीतरी टोचलं. तो मोजा पुन्हा उसवला.