उपासना खाटेपर्यंत पोहोचू दे

चि. सुहास यास,


तुझी पाळक म्हणून नेमणूक झाल्याचं ताईनं कळवलं. फार आनंद झाला. रविवारच्या उपदेशाची तयारी तू मन लावून करशीलच. मला लिहायचंय ते उरलेल्या सहा दिवसांबद्दल.

मंडळीच्या यादीतली काही माणसं तुला चर्चमध्ये कधीच दिसणार नाहीत. कुणी अर्धांगानं अंथरुणाला खिळलंय, कुणाला जिना उतरवत नाही, कुणाचे शेवटचे दिवस चाललेत. त्यांच्याकडे जाणं ही जास्तीची दया समजू नकोस. इ.स. 150 च्या सुमारास रोममध्ये जस्टिन या ख्रिस्ती लेखकानं लिहून ठेवलंय, की प्रभुभोजन झाल्यावर जे हजर नसत त्यांच्या घरी डिकन तीच भाकर घेऊन जात. तेव्हा त्या खाटांपर्यंत पोहोचल्याशिवाय आपली उपासना पुरी झाली असं मानू नकोस.

आधी फोन करून जा. खुर्ची ओढून डोळ्यांना डोळे भिडतील असा बस. उशाशी उभं राहून बोललास की आजाऱ्याला तू निघायच्या घाईत आहेस असंच वाटतं. 'काय म्हणतायत डॉक्टर?' हे घरच्यांना विचारू नकोस. ज्याचं दुखणं आहे त्याच्याशीच बोल. प्रभुभोजन देण्याआधी गिळता येतं का ते विचार. येत असेल तर भाकरीचा अगदी लहान तुकडा द्राक्षारसात भिजवून दे.

'देवाची इच्छा' हे शब्द जिभेवर आले तर गिळून टाक. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं; कारणं सांगायला लागले आणि चुकले. बरं होण्याची हमी देऊ नकोस, आणि प्रार्थनेच्या भरात कुणाचं औषध तर मुळीच बंद करू नकोस. वेदना शमवायला डॉक्टरांनी मॉर्फिन दिलं, तर त्यात विश्वास कमी पडल्याची खूण शोधू नकोस. वांद्र्याला 1986 साली शांती अवेदना सदन सुरू झालं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस. मरणाऱ्याच्या वेदना हलक्या करणं हीसुद्धा सेवाच आहे.

माणूस शुद्धीवर नसला तरी त्याला ऐकू येत असेल असं धरून बोल. नावानं हाक मार. लहानपणापासून पाठ असलेलं तेविसावं स्तोत्र सावकाश म्हण. नवं काही ऐकवायची ती वेळ नव्हे.

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं असं आहे. 'वडील' तिथं अनेकवचनी आहे, हे लक्षात ठेव. एकट्यानं सगळं ओढू नकोस. वडीलमंडळींना आणि महिला मंडळाला वार वाटून दे. मात्र कुणाच्या घरी पाहिलेलं दुखणं रविवारच्या प्रार्थनेत त्याला विचारल्याशिवाय उच्चारू नकोस.

आणखी एक. सासूचं सगळं करणारी सून बरेच महिने चर्चला आलेली नसते, आणि तिची आठवणही कुणी काढत नाही. तीही घरात अडकलेलीच आहे. तिच्यासाठी वेगळी प्रार्थना कर, आणि रविवारी दोन तास आजीजवळ बसायला कुणाला तरी पाठव, म्हणजे ती उपासनेला येऊ शकेल.

या आठवड्यातच घरी असलेल्यांची वही तयार कर आणि पहिल्या पानापासून सुरुवात कर.

प्रभू तुला बळ देवो.

तुझा,
मामा