लोकल ऑथर

इंजिनिअरिंगच्या पोराला ‘लोकल ऑथर’ म्हटलं की एकच वस्तू आठवते. पीएलमध्ये घेतलेलं, युनिटप्रमाणे प्रश्न सोडवून दिलेलं ते पुस्तक. फॉरेन ऑथर लायब्ररीच्या कपाटात शोभतो आणि पास करतो तो लोकल ऑथर! पण मित्रांनो, हे पुस्तक आपण एकमेकांना किती नेमकं सांगतो बघा. “थर्ड युनिट यातनं कर, फोर्थ सोडून दे, शेवटचं डेरिव्हेशन दोनदा आलंय.” कुणाला, कशासाठी, सुरुवात कुठून, गाळायचं काय, सगळं एका दमात. आणि हेच पोरगं सिलॅबसबाहेरचं एखादं आवडतं पुस्तक सांगायला लागलं की म्हणतं, “भारी आहे बे, वाच.” विषय खलास. ऐकणाराही “हो हो” म्हणतो आणि मेसकडे चालू लागतो.

आवडलेलं पुस्तक दुसऱ्याला सांगायचं कसं, एवढाच या लेखाचा विषय. उदाहरणं मुद्दाम लोकल ऑथरचीच घेतली आहेत. म्हणजे खरोखरच्या लोकल, सोलापूरच्या.

सुरुवात मारुती चितमपल्लींपासून. जन्म सोलापूरचा, ५ नोव्हेंबर १९३२. मातृभाषा तेलुगू. वनखात्यात ३६ वर्षं नोकरी. २००६ साली सोलापुरात मराठी साहित्य संमेलन भरलं त्याचे ते अध्यक्ष. २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी १८ जूनला याच शहरात त्यांचं निधन झालं. ही सगळी माहिती खरी आहे, आणि ती सांगून होस्टेलमधलं एकही पोरगं ‘चकवाचांदण’ उघडणार नाही. ही माहिती नोटीस बोर्डाची झाली. पुस्तकात काय आहे हे तिनं कळत नाही.

त्याऐवजी एक शब्द सांगा : सारंगागार. बगळे, करकोचे असे पाणपक्षी एकाच झाडावर शेकड्यांनी घरटी करतात, त्या वसाहतीला चितमपल्लींनी वापरलेला हा शब्द. कावळ्यांची असेल तर काकागार. पुण्याकडे एसटीनं जाताना इंदापूर लागतं. तिथं कचेरीच्या आवारातल्या झाडांवर चित्रबलाक वर्षानुवर्षं घरटी करत आले आहेत. म्हणजे सारंगागार आपल्या रस्त्यावरच आहे. आमच्या विंगमधल्या एका सिव्हिलवाल्यानं दहावीनंतर मराठीचं पान उलटलं नव्हतं. त्याला मी एवढंच सांगितलं. आठवड्यानं तो विचारत आला, “असले शब्द अजून आहेत का त्या माणसाकडं?” आहेत. एक अख्खा ‘पक्षिकोश’ आहे.

इथं पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू घरांतल्या मित्रांसाठी एक गोष्ट सांगतो. घरी तेलुगू नाहीतर कन्नड बोलणारी पुष्कळ मुलं “आपलं मराठी तसलंच” म्हणून मराठी पुस्तकांपासून लांब राहतात. तेलुगू घरातल्या या माणसानं मराठीला जंगलाची भाषा दिली. तेव्हा ‘तसलंच’ हा शब्द जरा जपून!

दुसरे अच्युत गोडबोले. हेही सोलापूरचे. आयआयटी मुंबईचे केमिकल इंजिनिअर, १९७२ चे. यांचं ‘मुसाफिर’ हे आत्मचरित्र होस्टेलात बहुतेकांना नावानं ठाऊक असतं आणि सांगताना हमखास पगार, परदेश आणि मोठमोठ्या कंपन्या सांगितल्या जातात. माझ्या मते ते त्या पुस्तकातलं सगळ्यात कमी महत्त्वाचं आहे. मराठी शाळेतून आयआयटीत गेलेल्या मुलाला इंग्रजीनं कसं रडकुंडीला आणलं ते सांगा. पुढं नोकरीच्या मागं लागायच्या वयात तो शहाद्याच्या आदिवासी चळवळीत गेला आणि तुरुंगातही राहिला, ते सांगा. फर्स्ट इयरचं जे पोरगं लेक्चरला मागच्या बाकावर बसून अर्ध्या शब्दांचे अर्थ शोधत असतं, त्याला पगाराचा आकडा काय करायचाय? त्याला पहिलीच गोष्ट हवी आहे. थोडक्यात, पुस्तक निवडताना आपल्याला काय आवडलं हे निम्मंच काम. समोरचा कुठं अडला आहे हे उरलेलं निम्मं.

आणि समोरच्याचा विचार करायचा म्हणजे काय नाही करायचं, ते तिसऱ्या पुस्तकावरून सांगतो. शरणकुमार लिंबाळे. गाव हन्नूर, तालुका अक्कलकोट. ‘अक्करमाशी’ आलं १९८४ साली, म्हणजे लेखक तिशीच्याही आत. पुढं ‘सनातन’ या कादंबरीला २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला.

आमच्याकडं एकानं एकाला ‘अक्करमाशी’ दिलं. देताना म्हणाला, “हे तुझ्यासाठीच आहे.” म्हणजे काय, तर आडनाव बघून दिलं. देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, पण घेणाऱ्यानं ते ट्रंकेत तळाशी घातलं आणि सेमिस्टर संपल्यावर न वाचता परत केलं. त्या विंगमध्ये उरलेल्या दहा जणांना ते पुस्तक कुणी देऊ केलंच नाही. माझ्या मते खरी गडबड हीच. ‘ते त्यांचं साहित्य, हे आपलं साहित्य’ अशी पुस्तकांची वेगळी पंगत आपणच बसवतो.

हे पुस्तक सांगायचं तर नावापासून सांगावं. बारा मासे म्हणजे एक तोळा. अकरा मासे म्हणजे एक कमी, भेसळीचं. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाला गाव हे नाव देतं. आई महार, बाप वरच्या जातीतला पाटील. आता आपल्यापैकी प्रत्येक जण दरवर्षी फ्रीशिपचा, परीक्षेचा, होस्टेलचा फॉर्म भरतो. ‘वडिलांचे नाव’ हा रकाना दोन सेकंदांत भरून पुढं जातो. त्या रकान्याशी आयुष्य अडलेल्या मुलाची ही गोष्ट आहे. असं सांगितलं की आडनाव कुठलंही असो, माणूस पुस्तक हातात घेतो. माझ्या डोळ्यांसमोर चौघांनी घेतलं. एकानं अर्ध्यात ठेवलं, “झोप येईना” म्हणाला. चालतं. अर्ध्यात ठेवणं हेही वाचणंच आहे.

याच वाटेवर ‘उपरा’ आहे. लक्ष्मण माने तसे सातारा जिल्ह्यातले, म्हणजे लोकल नव्हेत. पण सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे नाव आपण रोज ऐकतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली माणसांना जन्मानंच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवत, त्यावरून ते नाव आलं. तो कायदा जायला १९५२ उजाडलं. ‘उपरा’तला कैकाडी समाज त्याच कायद्याच्या यादीत होता. हे माहीत झालं की एक पत्ता अचानक इतिहास होतो. १९८० साली हे पुस्तक ‘ग्रंथाली’नं काढलं आणि १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. ‘ग्रंथाली’ ही १९७४ साली सुरू झालेली वाचकांची चळवळ. चांगलं पुस्तक माणसांपर्यंत नेऊन पोचवायचं, हाच तिचा उद्योग. ‘ललित’ मासिक १९६४ पासूनचं. तेही वाचकांनाच त्यांची निवड विचारत आलं. म्हणजे एकमेकांना पुस्तकं सांगणं हा काही रिकामटेकड्यांचा धंदा नव्हे, मराठीत त्याला चांगली परंपरा आहे.

‘कोसला’विषयी दोनच वाक्यं. नेमाड्यांचा पांडुरंग सांगवीकर होस्टेलात मेस चालवायला घेतो आणि कर्जात बुडतो, एवढं मेस सेक्रेटरीला सांगा. बाकी काही सांगायची गरज नाही, तो स्वतः शोधत येईल.

पुस्तकातलं न आवडलेलंही सांगावं. ‘मुसाफिर’ मला शेवटी लांबलेलं वाटलं, हे सांगितल्यावर ऐकणाऱ्याचा माझ्यावर विश्वास वाढला. सगळंच ‘अप्रतिम’ म्हणणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. शेवट मात्र फोडू नये, व्हायवाच्या प्रश्नांसारखा बाहेर येऊन लगेच सांगायचा तो प्रकार नव्हे.

असो. एक सूचना आहे, रेक्टर सरांनी मनावर घ्यावी. रीडिंग रूममध्ये पेपरांच्या टेबलावर एक शंभर पानी वही दोरीनं बांधून ठेवावी. पुस्तकाचं नाव, खोली नंबर आणि दोन ओळी. ‘छान’ आणि ‘भारी’ या शब्दांना बंदी. पुस्तक हवं असेल त्यानं त्या खोलीवर जाऊन मागायचं. पहिली नोंद मी देतो : ‘पक्षी जाय दिगंतरा’, चितमपल्ली. डिसेंबरात पुण्याकडं जाणाऱ्यानं सोबत न्यावं, भिगवणला उतरावं. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी आलेले असतात. पुस्तक सबमिशनच्या आधी परत हवं, मागं आणखी दोघांचे नंबर आहेत.