फाटक्या भोंग्याची नोंद

सोनाळ्यात माझा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा आहे. लग्नं, हरिनाम सप्ताह, गणपती, निवडणुकीच्या रिक्षा, सगळीकडे भोंगे बांधून झाले. म्हणून आवाजातलं आपल्याला कळतं, असा माझा समज होता. दुसऱ्यापर्यंत आवाज पोचवणं मला येत होतं, हे खरं. आवाज साठवणं हे वेगळंच काम निघालं आणि ते शिकण्यात माझी बारा-तेरा वर्षं गेली. कुणाला असा नाद असेल तर त्याची तेवढी वर्षं वाचावीत म्हणून हे सांगतो.

नाद म्हणजे पाळण्यांच्या आवाजांचा. आमच्या सोनाजी महाराजांच्या यात्रेत आकाशपाळणा वर जाताना साखळी कुरकुरते, खाली येताना पोरी किंचाळतात आणि मागे जनरेटर धडधडत असतो. लहानपणापासून ते कानात बसलं होतं. पुढे शेगावला आनंदसागर उद्यान झालं. टुनकी, वरवट बकाल करत आम्ही वर्षातून दोनदा तरी जायचो. आधी गजानन महाराजांचं दर्शन, मग पोरांसाठी झुकझुक गाडी आणि अंधार पडला की संगीतावर नाचणारं कारंजं.

2008 च्या सुमारास मी नवा मोबाइल घेतला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. पहिली मोठी चूक तिथेच झाली. मी गाणी गोळा करत होतो. कारंज्याजवळ गाणं लागलं की बटण दाबायचं, शेजारचं पोरगं रडायला लागलं की बंद करायचं. सूचना सुरू झाली की बंद. गाडीची शिट्टी तर कधी घेतलीच नाही. शिट्टीत काय ऐकायचं? घरी येऊन बघतो तर माझ्याकडे जे होतं ते देवळाबाहेरच्या कोणत्याही कॅसेटच्या दुकानात मिळत होतं, तेही माझ्यापेक्षा स्वच्छ. 2020 च्या टाळेबंदीत आनंदसागरचं फाटक बंद झालं आणि पुढे बराच काळ बंदच राहिलं. तेव्हा पुण्याच्या भाच्यानं फोन केला, "मामा, तुमच्याकडं त्या गाडीचा आवाज असंन ना?" माझ्याकडे भजनं होती.

हे एकट्या माझंच नाही. मुंबईत गोराईचं एस्सेलवर्ल्ड हे पाळण्यांचं उद्यान 1989 ला सुरू झालं आणि 2022 ला बंद झालं. त्याच्या जाहिरातीचं गाणं माझ्या पिढीत कुणालाही विचारा, म्हणून दाखवील. तिथल्या एखाद्या झुल्याची घरघर मागा, सगळे एकमेकांकडे बघतील. जे विकायला काढलेलं असतं त्याच्या प्रती गावभर असतात. मधलं कुणी ठेवत नाही.

तर पहिलं सांगणं हेच, की बटण लवकर दाबा आणि उशिरा बंद करा. रांगेत उभे असतानाच सुरू करा. फाटकाची कडी, पट्टा लावल्याचा आवाज, "हात आत घ्या" म्हणून ओरडणारा माणूस, शेवटी उतरणाऱ्यांच्या चपला, सगळं येऊ द्या. परदेशात या नादाचे लोक फार आहेत आणि ते एक गोष्ट नेमानं करतात: संगीत फिरून पुन्हा जिथे सुरू झालं तिथे येईपर्यंत हलत नाहीत. पण काही खेळांत एका जागी थांबूनही भागत नाही. डिस्नेचा 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' हा होडीचा खेळ 1964 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी बनला. होडी दालनादालनातून जाते, चाल एकच, पण प्रत्येक दालनात साज वेगळा. एका जागी उभं राहून तो पुरता हाती लागत नाही. आपला आकाशपाळणाही तसाच आहे. खाली बसलेल्याला जनरेटर ऐकू येतो, वर गेलेल्याला वारा आणि सगळ्या यात्रेचा मिळून एक गलका. दोन फेऱ्यांचे पैसे द्या. एक फेरी वरून घ्या, एक खालून.

आता यंत्राचं. माझा तो मोबाइल आवाज एएमआर नावाच्या साच्यात ठेवायचा. तो साचा फोनवरच्या बोलण्यासाठी बनलेला. सेकंदाला आठ हजार नमुने घेतो, त्यामुळे चार हजार हर्ट्झच्या वरचं काही शिल्लकच राहत नाही. माणसाचं बोलणं त्यात निभावतं. पाण्याचा शिडकावा मात्र बराचसा त्याच्या वरच राहतो. माझं कारंजं ऐकलं तर कुणीतरी कढईत मिरच्या तळतंय असं वाटतं. त्यातच मोबाइल आपल्या मनानं आवाज वरखाली करतो. मोठा आवाज आला की सगळंच दाबून टाकतो आणि पुढचे दोन-तीन सेकंद आजूबाजूचं बोलणं विहिरीतून आल्यासारखं येतं. म्हणून आवाजाची पातळी हातानं ठरवता येईल असं यंत्र किंवा अॅप घ्या आणि आवाज डब्ल्यूएव्ही नावाच्या साच्यात ठेवा. सीडीच्या दर्जाचा स्टीरिओ आवाज मिनिटाला साधारण दहा एमबी खातो. खाऊ द्या. कुणाला द्यायचा तर पेन ड्राइव्हवर द्या. व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवाल तर पुन्हा कढई.

मौत का कुआँ हा सगळ्यात अवघड विषय. मी वरच्या कठड्यावर मोबाइल ठेवून मोकळा झालो होतो. गाडी भिंतीवर चढली, फळ्या थरथरल्या, आणि घरी ऐकलं तर अर्धा तास नुसती गडगड. यंत्र कधी फळीला टेकवू नका. हातात धरा, खाली उपरण्याची घडी ठेवा, माइकच्या तोंडाला वाऱ्यासाठी स्पंजचं टोपण लावा. पातळी इतकी खाली ठेवा की ठेवताना हात कचरेल. कमी आलेला आवाज नंतर वाढवता येतो. फाटलेला आवाज शिवता येत नाही, हे मी भोंगेवाला असून मला कळू नये!

कार्डाची गोष्ट सांगायला लाज वाटते. स्वस्तात मिळालं म्हणून एक 64 जीबीचं कार्ड आणलं. दोन यात्रा आणि एक शेगावची फेरी त्यात भरली. घरी फायलींची नावं सगळी दिसत होती, पहिल्या काही सोडल्या तर एकही वाजेना. बनावट कार्ड मोबाइलला खोटा आकडा सांगतं. आत जागा थोडीच असते, ती संपली की पुढचं लिहिलेलं हवेत जातं. नवं कार्ड आणलं की आधी ते काठोकाठ भरून पुन्हा वाचून बघायचं. त्यासाठी एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं फुकट साधन संगणकावर मिळतं. आणि आवाज घरी आल्यावर दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय कार्ड कोरं करायचं नाही. बायको म्हणाली, "दाण्याच्या कोठीले तरी दोन कुलपं लावता, याले कावून नाई?" उत्तर नव्हतं.

विचारून घ्या, हेही आहेच. देवस्थानाच्या आवारात सेवेकऱ्यांना, यात्रेत पाळणेवाल्याला. बहुतेक जण हो म्हणतात, चहाही पाजतात. मात्र त्यात वाजणाऱ्या गाण्यावर कुणाचा तरी हक्क असतो. आपल्या 1957 च्या कायद्यानं ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं टिकतो. घरी ऐकायला ठेवणं आणि यूट्यूबवर चढवणं यात फरक करा.

शेवटचं काम नोंदीचं. कागदाच्या चिठ्ठ्या उंदरांनी खाल्ल्यावर मी नोंद आवाजातच करू लागलो. बटण दाबलं की आधी स्वतः बोलायचं: तारीख, गाव, कोणता खेळ, कुठे उभा आहे, काय बिघडलंय. पंधरा सेकंद पुरतात.

त्या सवयीचा एक प्रसाद मिळाला. दोन वर्षांमागं यात्रेत मौत का कुआँच्या मचाणावर एक गडी गर्दीला बोलावत होता. मी त्याला विचारून अर्धा तास घेतला, तेव्हा कुठे ऐकण्याजोगं काही हाती आलं. दुसऱ्या दिवशी त्याला ऐकवलं. तो खूश. म्हणाला, "भाऊ, हे पेन ड्राइव्हात टाकून द्या ना, माहा घसा तरी वाचंन." त्याचाच आवाज, त्यालाच द्यायचा. मी अख्खी फाइल जशीच्या तशी दिली.

मागच्या हिवाळ्यात दुसऱ्या एका गावच्या यात्रेला गेलो होतो. लांबूनच तो कुआँ दिसला. मचाणावर गडी निवांत बसून शेंगा खात होता आणि त्याच्या भोंग्यातून माझाच आवाज साऱ्या यात्रेला सांगत होता: सोनाळा, रात्रीचे आठ, मौत का कुआँ, तिकिटाच्या खिडकीजवळ उभा आहे, यांचा डावीकडचा भोंगा फाटका आहे.

भोंगा अजूनही तोच होता.