‘ती तशी नाही’ असं म्हणण्याआधी

अकरावी-बारावीच्या वयात दोन मैत्रिणींबद्दल किंवा दोन मित्रांबद्दल कुजबुज सुरू झाली, की भली माणसं लगबगीनं मदतीला धावतात आणि म्हणतात, ‘छे हो, ती तशी नाही.’ हे वाक्य तोंडातून काढण्याआधी थांबा, एवढंच मला सांगायचं आहे. का थांबायचं, ते मी जवळून पाहिलं आहे.

१९९८ सालचा डिसेंबर. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी मी अकरावी सायन्सला होते. दोन बायकांच्या प्रेमाची गोष्ट सांगणारा दीपा मेहता यांचा ‘फायर’ नुकताच प्रदर्शित झाला होता. आमच्या गावात तो लागला नाही, लागणारही नव्हता. पण २ डिसेंबरला शिवसैनिकांनी मुंबईत न्यू एम्पायर आणि गोरेगावच्या सिनेमॅक्सवर हल्ला केला, तोडफोड केली, आणि ज्यांनी सिनेमाचं पोस्टरही पाहिलं नव्हतं त्यांना पेपर वाचून त्याची गोष्ट पाठ झाली. तोवर एका सायकलवर डबलसीट जाणाऱ्या, एकाच पांघरुणात पाय घालून अभ्यास करणाऱ्या मुलींकडे कुणी वळूनही बघत नसे. मुलगा-मुलगी चार शब्द बोलले तर बोभाटा. मुली-मुली म्हणजे बिनघोर. त्या डिसेंबरात गावाची नजर बदलली.

फिजिक्सच्या लॅबमधल्या शेवटच्या टेबलावर कुणीतरी कर्कटकाच्या टोकानं माझं आणि माझ्या जिवलग मैत्रिणीचं नाव कोरलं. मध्ये बदाम, खाली ‘फायर’. टेबल जुन्या सागवानी लाकडाचं. ‘र’ पहिल्यांदा नीट उठला नसावा, म्हणून तो पुन्हा गिरवलेला. व्हर्नियरचं रीडिंग घेताना माझी नजर सारखी त्या जाड ‘र’वर जायची. कोरणारानं वेळ काढून, मन लावून काम केलं होतं, याचंच मला जास्त वाटायचं.

मग गोष्टी वाढत गेल्या. यांना स्टँडवर पाहिलं, क्लासच्या जिन्यात पाहिलं. कुणी पाहिलं म्हणून विचारावं तर प्रत्येकीनं दुसरीचं नाव घ्यावं. आमच्या बाजूच्या मुली चवताळून उठल्या. एकीनं कॉमर्सच्या एका मुलाशी माझं नाव जोडून टाकलं, म्हणजे तोंडं बंद होतील. दुसरीनं माझ्या मैत्रिणीला केस वाढव, बांगड्या घाल असं सांगितलं. आणि आमच्या एका मॅडम, ज्या आम्हाला खरोखर आवडायच्या, भर वर्गात म्हणाल्या, “माझ्या मुली असल्या घाणेरड्या नाहीत. पुन्हा कुणी बोललं तर याद राखा.” वर्ग चिडीचूप झाला. मला तेव्हा हायसं वाटलं होतं.

त्या संध्याकाळी घाटावर सायकल लावून माझी मैत्रीण पायरीवर बसली आणि म्हणाली, “मॅडम म्हणाल्या ना, त्या घाणेरड्यांतली मी आहे बहुतेक.” बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आणि तू मला आवडतेस. नुसती मैत्रीण म्हणून नाही.”

मी घाबरले. कुणी ऐकलं तर, ही एक भीती. दुसरी भीती आत होती: ती दुसऱ्या कुणाशेजारी बसली की माझा जीव खालीवर व्हायचा, मग मीही तशीच का? जे सुचलं ते बोलले. “मला तुझ्याबद्दल तसं वाटत नाही गं. पण उद्या क्लासला तुझ्याच कॅरिअरवर बसून येणार आहे.” आणि गेले. वर्गातल्या मुली आधीपेक्षा जास्त बोलल्या. बोलू दिलं.

त्या वयाच्या मुलामुलींनी माझ्याकडे असा प्रश्न आणला, तर आजही मी हेच सांगते. मित्रानं किंवा मैत्रिणीनं असं काही सांगितलं आणि आपल्या मनात तसं नसेल, तर नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. स्पष्ट म्हणा, किळस न दाखवता म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या जागी हजर राहा. ‘अजून लहान आहेस, जाईल हे डोक्यातनं’ असं सांगू नका. तुम्हाला ते ठाऊक नसतं. आणि ऐकलेलं पोटात ठेवा. जिवलग दुसरीला, ‘कुणाला सांगू नकोस हं’ म्हणूनसुद्धा सांगू नका. निम्म्या अफवा अशाच विश्वासातून बाहेर पडतात. तिचं गुपित कुणाला, कधी सांगायचं ते तीच ठरवील, किंवा कधीच सांगणार नाही.

आणि ‘मग मी कोण?’ या प्रश्नानं झोप उडाली असेल, तर त्याला घाई नाही. त्या वयातली मैत्री तापासारखी चढते. मत्सर असतो, रुसवे असतात, हातात हात असतो. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, ना इकडचं ना तिकडचं. कुणाला बारा-तेराव्या वर्षीच पक्कं कळलेलं असतं, कुणाला पंचविशीत कळतं. वर्गाला उत्तर हवं आहे म्हणून स्वतःवर शिक्का मारून घेऊ नका, आणि नुसतं दाखवण्यापुरतं कुणाशी नाव जोडूनही घेऊ नका. त्यात तिसऱ्याच माणसाची फसवणूक होते.

पुढचं सांगायला मला अजूनही जड जातं. मॅडमनी दोघींच्या घरी निरोप पाठवला. काळजीनंच पाठवला. माझी आई आरोग्य केंद्रात नर्स होती, तिनं नाना तऱ्हेची माणसं पाहिलेली. ती म्हणाली, “ती आपल्याकडे जेवायला येते ना, तशी येत राहील.” मैत्रिणीच्या घरी मात्र तिचं कॉलेज बंद झालं. शहरातल्या एका डॉक्टरकडे नेलं, त्यानं गोळ्या लिहून दिल्या आणि लग्न लवकर उरका असं सांगितलं. गोळ्यांनी ती दिवसभर पेंगायची. मग मामाकडे रवानगी. बारावी तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली, तीही आर्ट्समधून. प्रॅक्टिकलशिवाय सायन्स होत नाही. जिनं माझं अर्धं जर्नल पूर्ण करून दिलं होतं, तिचं सायन्स असं सुटलं. एका निरोपाची ही किंमत.

म्हणून शिक्षकांना हात जोडून सांगते: मुलाला किंवा मुलीला विचारल्याशिवाय ही गोष्ट घरी कळवू नका. कुठल्या घरात काय होईल हे तुम्हाला शिक्षकांच्या खोलीत बसून कळत नाही, मुलाला कळतं. जिवाला धोका दिसत असेल, स्वतःला इजा करून घ्यायची भाषा असेल, तर मात्र गप्प राहायचं नाही. तेव्हाही आधी मुलाला सांगा, की मी आता अमक्याशी बोलणार आहे. पाठीमागून काही करू नका.

मामाच्या गावच्या वाचनालयात माझ्या मैत्रिणीच्या हाती विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ लागलं. १९८१ साली रंगभूमीवर आलेलं, रोहिणी हट्टंगडी यांनी नायिका मित्रा हिची भूमिका केलेलं नाटक. कॉलेजातली मुलगी मित्रा, तिचं एका मुलीवरचं प्रेम, सगळ्याला साक्षी असलेला तिचा मित्र बापू, आणि शेवटी नायिका मित्रा हिची आत्महत्या. तिनं मला पत्र लिहिलं: आमच्यासारख्यांचं शेवटी असंच होतं का गं? तेंडुलकरांचा रोख मित्राला एकटं पाडणाऱ्यांवर आहे, हे मला आज कळतं. पण सतराव्या वर्षी, औषधाच्या गुंगीत, मिळालेली पहिलीच गोष्ट मरणाशी संपणारी असावी, हे वाईटच. मुलांच्या हाती दुसऱ्याही गोष्टी पडू द्या. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्ल्यू’ ही कादंबरी २००६ सालीच मराठीत आली आहे. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये पुण्यात समलैंगिकांसाठी समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि या विषयावर मराठीत भरपूर लिहिलं. मुंबईत अशाच कामासाठी हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आहे. आणि मुलांनी असले प्रश्न विचारले म्हणजे ती बिघडली असं समजू नका. र. धों. कर्वे यांना त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे वाचक हेच प्रश्न विचारत आणि ते उत्तरं छापत. त्या उत्तरांपायी १९३४ मध्ये खटला चालला, तेव्हा कर्व्यांची बाजू मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते.

माझी मैत्रीण आज पुण्यात नोकरी करते. हे लिहायला तिनं परवानगी दिली, वाचून दोन ठिकाणी खोडायलाही लावलं. तिचं म्हणणं मी तिच्याच शब्दांत देते: “टेबलावर कोरलं ते मी विसरले असते. पण माझी बाजू घेणारे सगळे एकच सांगत होते, की मी तशी असते तर त्यांनी बाजू घेतली नसती.”

मग बाजू घ्यायची तर बोलायचं काय? ‘त्यांचं काय असेल ते त्यांचं, तुझा काय संबंध?’ एवढं पुरतं. ‘असली तरी काय बिघडलं?’ हे म्हणायची हिंमत असेल तर आणखी चांगलं. आता टेबलाच्या जागी मोबाईल आला आहे. कोरलेलं एका लॅबपुरतं राहायचं, स्क्रीनशॉट रात्रीत चार गावं फिरतो. आलेला मेसेज पुढे न पाठवणं हीसुद्धा बाजू घेणंच आहे. ज्याच्याबद्दल आहे त्यानं तो पुसू नये, जपून ठेवावा, तक्रारीला लागतो.

आईवडिलांनो, डॉक्टरांकडे धावण्याआधी एवढं ऐका. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ३७७ कलमाच्या कचाट्यातून सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध मोकळे केले. आणि उपचारानं मुलाचा कल बदलून देतो म्हणणारा डॉक्टर २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या लेखी व्यावसायिक गैरवर्तन करतो आहे. मुलगा उदास असेल, जेवत नसेल, तर मदत जरूर घ्या. ती उदासीवर घ्या.

शाळेनं बोलावलं तर जा, पण खाली मान घालून नको. ‘माझं मूल तसं नाही’ हे शाबीत करायला तुम्ही गेलेला नाही. चिडवणं कुणी सुरू केलं, ते थांबवायला शाळा काय करणार, एवढंच विचारा आणि उत्तर लेखी मागा. घरी आल्यावर मित्राचं येणं-जाणं बंद करू नका, तो एकच माणूस त्याच्यापाशी उरलेला असू शकतो. आणि मूल तुमच्याशी बोलत नसेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा १४४१६ किंवा मुलांसाठीचा १०९८ हा नंबर त्याला दिसेल अशा ठिकाणी लिहून ठेवा. दोन्हीकडे पैसे पडत नाहीत, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं.