कंठस्वर व वाद्य यांचे ध्वनिमुद्रण : शिक्षकांसाठी एक पाठ

परिपाठातील समूहगीते, बालगीते व बोलीतील गाणी यांचे ध्वनिमुद्रण करण्याचे साधन आज मोबाईलच्या रूपाने बहुतेक शिक्षकांच्या हाती आहे. परंतु मुद्रण झाले म्हणजे ते ऐकण्याजोगे झालेच, असे नव्हे. सूर ऐकू येतो, शब्द मात्र कळत नाहीत, हा अनुभव सार्वत्रिक आहे. तो टाळण्याचे उपाय येथे दिले आहेत.

१. या कार्याचे महत्त्व

ठाणे जिल्ह्यातील आगरी-कोळी समाजात लग्नविधीच्या वेळी धवलारीण स्त्रिया धवले गातात. तेराव्या शतकात महदंबेने रचलेल्या ‘धवळे’ या काव्याच्या नावाशी या शब्दाचे नाते उघड आहे. ही गाणी बहुतांशी मुखपरंपरेने चालत आली आहेत. ती जाणणाऱ्या स्त्रिया वृद्ध होत आहेत. हेमा रैरकर व गी पॉइटव्हँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. पुढे १९९० नंतरच्या दशकात त्यांपैकी अनेकींचे ध्वनिमुद्रणही झाले. असे कार्य आपल्या गावापुरते करणे शिक्षकास अशक्य नाही. मात्र बोलीतील शब्द स्पष्ट उमटला नाही, तर पुढे तो विचारावयास गाणारी राहीलच असे नाही.

२. पहिला नियम : अंतर

मायक्रोफोनपूर्वीच्या काळात गायक कर्ण्यात तोंड घालून गात. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे मुद्रण झाले ते याच पद्धतीने. आवाज कमीजास्त करण्याचे बटण तेव्हा नव्हते. हलक्या स्वराला पुढे व्हावे, चढ्या स्वराला मागे सरावे, हाच मार्ग होता. १९२५ च्या सुमारास विद्युत मुद्रण आले, तरी हा नियम बदलला नाही.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की थेट पोहोचणारा आवाज ६ डेसिबलने घटतो. खोलीतील घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून दूरच्या टेबलावर ठेवलेल्या मोबाईलमध्ये गाणाऱ्यापेक्षा भिंतींचाच आवाज अधिक येतो. एकट्या गाणाऱ्यापासून मायक्रोफोन सुमारे एक वीत ते एक हात अंतरावर ठेवावा. प, फ, ब, भ यांच्या उच्चारात सुटणारा श्वास थेट त्यावर आदळू नये, म्हणून तो ओठांच्या अगदी समोर न धरता किंचित बाजूस ठेवून तोंडाकडे वळवावा.

आंबिवली-टिटवाळा परिसरात कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गाचा खडखडाट ही नेहमीची अडचण आहे. दोन गाड्यांमधील शांत वेळ निवडावी. पंखा बंद करावा. पत्र्याच्या छपराखालील रिकाम्या वर्गापेक्षा गोधड्या, कपडे व धान्याची पोती असलेली घरातील खोली बरी, कारण मऊ वस्तू घुमारा शोषून घेतात.

३. वाद्याची साथ

एकच मायक्रोफोन असल्यास गाणाऱ्यास पुढे व पेटीवाल्यास मागे बसवावे. तोल बिघडल्यास माणसांची जागा बदलावी. भात्याच्या बाजूस मायक्रोफोन ठेवू नये, कारण त्याची फुसफुस मुद्रणात येते. गिटार असल्यास मायक्रोफोन पोकळीच्या तोंडासमोर धरू नये. तेथे घोगरा गुंजार फार येतो. दांडी जेथे धडाला मिळते त्या भागाकडे रोखून तो सुमारे एक फूट दूर ठेवावा. गाणारा व गिटार वाजवणारा एकच असेल, तर मायक्रोफोन थोडा वर सरकवला की कंठ पुढे येतो व खाली आणला की तारा पुढे येतात. दोन मायक्रोफोन वापरल्यास प्रत्येकाचे आपापल्या ध्वनीपासून जे अंतर असेल, त्याच्या निदान तिप्पट अंतर त्या दोहोंमध्ये राखावे.

४. संपीडन : उपयोग व मर्यादा

ठरावीक मर्यादेपलीकडे चढणारा आवाज यंत्राने आवरणे, यास संपीडन म्हणतात. त्या मर्यादेस उंबरठा म्हणू. प्रमाण ३:१ ठेवल्यास उंबरठ्याच्या १२ डेसिबल वर गेलेला स्वर ४ डेसिबलच वर राहतो. अशा रीतीने मोठा व लहान स्वर एकमेकांजवळ येतात आणि एकंदर पातळी उचलता येते. पण ती उचलताना गाडीचा खडखडाट व खोलीचा घुमाराही तितकाच उचलला जातो. सबब दुरून केलेल्या मुद्रणाचा दोष संपीडनाने झाकत नाही, उलट तो अधिक उघडा पडतो.

संपीडन सौम्य असावे. सर्वांत चढ्या स्वराला ३ ते ६ डेसिबल आवर पुरे. आवर फार त्वरेने बसला तर तारेचा पहिला ठोका बोथट होतो. पुष्कळ मोबाईल हे काम आपणहून करतात व गाणारी श्वास घेण्यास थांबताच भोवतालचा गोंगाट वर आणतात. ही सोय बंद करता येत असल्यास बंद करावी. मुद्रणाची पातळी कमाल मर्यादेच्या १० डेसिबल तरी खाली राखावी, कारण फाटलेला स्वर पुढे सांधता येत नाही. मूळ मुद्रण वेव्ह स्वरूपात जसेच्या तसे जपावे व सर्व संस्कार प्रतीवर करावेत. एमपी३ करताना फाईल लहान होते तेही संपीडनच म्हटले जाते, परंतु तो प्रकार निराळा आहे.

५. वर्गातील अभ्यास

इयत्ता चौथीच्या पुढील मुलांकडून हा प्रयोग करवून घ्यावा. एकाच मुलाने एकच कडवे एक वीत, एक हात व चार हात अंतरावरून म्हणावे. इतरांनी तिन्ही मुद्रणे ऐकून जेवढे शब्द कळले तेवढे पाटीवर लिहावेत. कोणत्या अंतरावर किती शब्द गळाले, हे मुलांनीच मोजावे. हळू आवाजाच्या मुलास ‘मोठ्याने म्हण’ असे दटावण्यापेक्षा मायक्रोफोन जवळ नेणे योग्य, हेही यातून ध्यानी येईल.

घरी जाऊन मुद्रण करताना गाणाऱ्या बाईंची संमती आधी घ्यावी, झालेले मुद्रण प्रथम त्यांनाच ऐकवावे आणि अस्पष्ट राहिलेले शब्द व त्यांचे अर्थ तेथेच विचारून लिहून घ्यावेत. गाव, दिनांक व प्रसंग यांची नोंद मुद्रणाच्या आरंभी शिक्षकांनी स्वतःच्या आवाजात करावी, म्हणजे कागद गहाळ झाला तरी ती नाहीशी होणार नाही.