*ठिबक ऑटोमेशन: रेंज नसली तरी कंट्रोलर लॅपटॉपवर उघडता येतो*



ॲप उघडत नाही, रेंज नाही आणि पाण्याची पाळी आजच बदलायची आहे. अशा वेळी घाईत रिसेट बटण दाबू नका. बऱ्याच कंट्रोलरमध्ये त्याने व्हॉल्व्हच्या वेळा आणि खताचे प्रमाण पुसले जाते. ऐन फुलोऱ्यात हे सगळे पुन्हा भरेपर्यंत बाग ताणावर जाते.

कंट्रोलरला लॅन पोर्ट आणि स्वतःचे वेब पान असेल, तर इंटरनेटशिवाय काम होते. साधी लॅन केबल चालते.

*आधी हे समजून घ्या*
एरवी राउटर प्रत्येक यंत्राला पत्ता, म्हणजे आयपी, देतो. थेट जोडणीत राउटर नसतो, म्हणून लॅपटॉपला पत्ता आपणच द्यायचा. पहिले तीन आकडे म्हणजे गल्ली, शेवटचा म्हणजे घर नंबर. गल्ली एकच हवी, घर नंबर वेगळा हवा.

*काय करायचे (विंडोज ११)*
१) कंट्रोलरचा आयपी लेबलवर किंवा पुस्तिकेत पाहा. समजा १९२.१६८.१.१० आहे.
२) केबल जोडा. पोर्टजवळचा दिवा लागला पाहिजे. लॅपटॉपचे वायफाय बंद करा.
३) सेटिंग्ज > नेटवर्क > इथरनेट > आयपी असाइनमेंट > एडिट > मॅन्युअल > आयपीव्ही४ चालू.
४) आयपी १९२.१६८.१.२०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवे रिकामा. सेव्ह करा. आकडे इंग्रजीतच टाका.
५) ब्राउझरमध्ये वरच्या पट्टीत कंट्रोलरचा आयपी टाका. लॉगिनचे पान येईल.

*पान आलेच नाही तर*
लॅपटॉपचा आयपी १६९.२५४ ने सुरू होतोय का पाहा. तसे असेल तर पायरी ४ सेव्ह झालेली नाही. दिवाच लागत नसेल तर केबल बदलून पाहा.

*जपून*
⚠️ कंट्रोलर आणि मोटरचा स्टार्टर एकाच पेटीत असतील तर पेटी उघडू नका, तंत्रज्ञाला बोलवा. ओल्या हाताने केबल लावू नका.
⚠️ काही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा.
⚠️ कंपनीचा मूळ पासवर्ड अजून तोच असेल तर बदला आणि वहीत लिहून ठेवा.

काम झाले की आयपी असाइनमेंट पुन्हा ऑटोमॅटिक करा, नाहीतर घरी केबलने नेट चालणार नाही.

लेबलचा फोटो आजच काढून ठेवा. अडचणीच्या दिवशी तोच कामाला येतो.