पित्त समजून थांबू नका

रात्री अडीच-तीनला बेल वाजते. दारात उभा असलेला मुलगा म्हणतो, "डॉक्टर, बाबांचं पित्त खवळलंय, कशानंच उतरत नाही." काय काय दिलं? सोडा, ओवा, लिंबूपाणी, घरातली पित्ताची गोळी, शिवाय छातीला तेल चोळून झालेलं. त्रास कधी सुरू झाला? "जेवण झाल्यावर, दहाच्या सुमारास." म्हणजे पाच तास घरातच गेले. माझ्या तालुक्याच्या गावात इतक्या वर्षांत हा संवाद मी असंख्य वेळा ऐकला आहे, आणि दर वेळी जीव हळहळतो, कारण ते पित्त नसतं, हृदयविकाराचा झटका असतो.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साचतो. एखाद्या क्षणी त्या थराला चीर पडते, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि पुढचा रक्तपुरवठा बंद होतो. अर्ध्या तासाच्या आसपास स्नायू मरायला लागतो. सहा तासांत त्याचा बराचसा भाग कायमचा गेलेला असतो. जीव वाचलेला माणूस पुढे दहा पायऱ्या चढताना धापा टाकतो, ते बहुधा वाया गेलेल्या त्या तासांमुळे.

"छातीत दुखतंय" असं सगळे रुग्ण म्हणत नाहीत. "छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय", "आवळल्यासारखं होतंय", "जळजळतंय" असं सांगतात. दाखवताना एक बोट टेकवत नाहीत, अख्खी मूठ छातीच्या मधोमध ठेवतात. ही कळ डाव्या हातात जाते, कधी दोन्ही हातांत, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात. सोबत दरदरून गार घाम आला, तर माझा संशय बळावतो. मधुमेही, वयस्कर माणसं आणि बायका यांच्यात कधी कधी छाती दुखतच नाही. नुसता दम लागतो, मळमळतं, अंगातलं बळ गेल्यासारखं वाटतं. घरातली बाई तर कामाचा शीण म्हणून ते अंगावर काढते. तिला आपणहून विचारा.

पित्त की झटका, हे लक्षणांवरून मलाही खात्रीनं सांगता येत नाही. त्यासाठी कार्डिओग्राम काढावाच लागतो. पहिला कार्डिओग्राम कधी कधी नॉर्मल येतो, हेही ध्यानात ठेवा. त्रास चालूच असेल तर थोड्या वेळानं तो पुन्हा काढायचा आणि रक्ताची ट्रोपोनिन तपासणी करायची. एका नॉर्मल कागदावर घरी जाऊ नका.

मग घरी काय करायचं? १०८ ला फोन करा. रुग्णाला चालवू नका, जिना उतरू देऊ नका. खुर्चीत बसवून दोघांनी उचलून खाली आणा. त्यानं स्वतः गाडी चालवत येणं तर नकोच. ॲस्पिरिनची ॲलर्जी, पोटात अल्सर किंवा कुठून रक्तस्राव नसेल, तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्या. शेजाऱ्याकडची जिभेखाली ठेवायची गोळी मात्र देऊ नका. रक्तदाब आधीच खाली असेल तर तो आणखी कोसळतो. जोरजोरात खोकल्यानं झटका थांबतो, हा मोबाइलवर फिरणारा निरोप खोटा आहे. माणूस बेशुद्ध पडला आणि श्वास थांबला किंवा नुसते आचके येऊ लागले, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका. बरगडी मोडेल ही भीती त्या वेळी बाजूला ठेवा.

अँजिओप्लास्टी हा उत्तम इलाज आहे, पण ती लवकर झाली तर. ती सोय असलेलं रुग्णालय दोन तासांपेक्षा लांब असेल आणि कार्डिओग्राममध्ये मोठा झटका दिसत असेल, तर जवळच्या रुग्णालयात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी घेऊन मग पुढे जायचं. "थेट शहरातच नेतो" या हट्टापायी वाटेत गेलेली माणसं मी पाहिली आहेत. स्टेंट बसल्यावर बरं वाटतं म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनानं बंद करणंही तितकंच घातक, स्टेंटच तुंबतो.

झटका टाळायचा तर पहिलं बोट मी तंबाखूकडे दाखवीन. विडी-सिगारेट सगळ्यांना कळते. चुना लावून मळलेली चिमूट आणि सकाळी दाताला लावायची मिश्री मात्र व्यसनात धरलीच जात नाही. गावाकडच्या किती तरी आया-आज्या पन्नास वर्षं मिश्री लावत आल्या आहेत. तीही तंबाखूच आहे, तीही सोडवा. रक्तदाब आणि साखर त्रास होत नसला तरी मोजायची, चालू असलेली गोळी सोडायची नाही. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चमचा. लोणचं-पापड त्यातच आले. रोज अर्धा तास झपझप चाला. आपल्याकडे झटका पाश्चात्त्य देशांपेक्षा लवकरच्या वयात गाठतो, म्हणून तपासणीसाठी पन्नाशीची वाट पाहू नका.

आणि आजच एक काम करा. चोवीस तास कार्डिओग्राम काढणारं सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं, हे विचारून त्याचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा.